बापूगुरुजींची एन्ट्री

नाटककार न. वि. वझरकर यांच्या नावावरून मराठीत निदान तीन विशेषणं चालतात. प्राध्यापक मंडळी 'वझरकरीय' म्हणतात. त्यात थोडा आदर असतो आणि बराचसा पगार. ज्यांना वझरकर आवडत नाहीत ते 'वझरकरछाप' म्हणतात. आणि उरलेला महाराष्ट्र सरसकट 'वझरकरी' म्हणतो, म्हणजे टोचून बोललेलं, घरातल्या घरात आवाज न चढवता केलेलं भांडण. आमच्या साताऱ्यात एखादी सासू चार माणसांत सुनेशी जरा जास्तच गोड बोलू लागली, की माझी आत्या म्हणायची, "झालं, वझरकरी सुरू झालं." आत्यानं वझरकरांचं एकही नाटक पाहिलेलं नव्हतं. विशेषण वापरायला नाटक पाहावं लागत नाही, हा विशेषणाचा मोठाच फायदा आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला बँकेनं माझी बदली बनारसला केली, तोपर्यंत हा शब्द आपल्याला कळतो अशी माझी समजूत होती. रामघाटाच्या गल्लीत एका मराठी कुटुंबाकडे मला खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी लाइट गेली. थोड्या वेळानं बल्बची तार लालसर झाली, आता उजेड पडणार म्हणून मी पुस्तक उघडलं, आणि तार पुन्हा काळी. घरमालक खालून ओरडले, "बसू नका हो वाट बघत! आज लाइट वझरकरी आहे!"

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. पण नाही. स्टेशन समोर दिसतंय आणि गाडी पुलावरच थांबून राहिली, तर ती वझरकरी गाडी. नारळ फोडायच्या दिवशी मोडली ती वझरकरी सोयरीक. नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन परत गेलेली शिंकसुद्धा वझरकरी. येता येता राहिलेल्या जगातल्या यच्चयावत गोष्टींना बनारसच्या मराठी लोकांनी वझरकरांचं नाव देऊन टाकलं होतं. मी एकदा सांगून पाहिलं की महाराष्ट्रात याचा अर्थ असा नाही. त्यावर घरमालकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "मतलब, तुमच्याकडे नाटक नीट होत नसेल. तुम्ही असं करा, बापूगुरुजींना भेटा."

बापूगुरुजी मुळ्ये सकाळी रामघाटावर तीर्थोपाध्याय होते आणि संध्याकाळी नाट्यदिग्दर्शक. बुटके, रुंद, कानांवर केसांची छोटी झुडपं, आणि आवाज असा की अलीकडच्या पायरीवर संकल्प सांगितला तर पलीकडच्या घाटावरचा यजमान दचकून हात जोडायचा. गल्लीत सांड आडवा आला तर त्याच्या पाठीवर थाप मारून "सरका महाराज" म्हणायचे, आणि सांड सरकायचा. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. महाराष्ट्रच त्यांच्याकडे यायचा, अस्थी घेऊन.

यजमान आणि नट या दोन जातींशी ते एकाच भाषेत बोलत. "समोर बघा. हात स्थिर. घाई नको." तालमीला सुरुवात करायची तर म्हणत, "सोडा संकल्प." वाक्य गिळणाऱ्या नटाला म्हणत, "अर्धा मंत्र आणि अर्धं वाक्य, दोघांचंही पाप सारखंच." आणि कोणी घड्याळाकडे पाहिलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "घाई करणाऱ्याला ना पितर भेटत, ना प्रेक्षक." मी साताऱ्याचा आहे हे त्यांना मी कैकदा सांगितलं. त्यांच्या लेखी नर्मदेच्या खाली राहणारा प्रत्येक माणूस पुणेकर होता, आणि मी शेवटपर्यंत पुणेकरच राहिलो.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "पुणेकर, वाचता स्पष्ट येतं ना? बस्स. या वर्षी प्रॉम्प्टर तुम्ही."

नाटक दरवर्षी एकच असायचं, वझरकरांचं 'ताट झाकून ठेव'. दुसरं नाटक का नाही, असं विचारणाऱ्याला गुरुजी उलट विचारत, "दरवर्षी गणपती दुसरा आणता काय?" दोन भावांची गोष्ट आहे. थोरला तरुणपणी घरातून रागानं निघून गेलेला. धाकट्यानं घर सांभाळलेलं. आई रोज रात्री थोरल्याचं ताट वाढून झाकून ठेवायला लावते, आणि त्या एका ताटावरून धाकट्याचा संसार हळूहळू उसवत जातो. शेवटून दुसऱ्या प्रवेशात आई गेलेली असते. धाकटा एकटाच बसून, कोणी सांगितलेलं नसताना, ताट वाढतो, झाकतो आणि त्याच्यासमोर बसून राहतो. मग शेवटचा प्रवेश. थोरला येतो. खांद्यावर पिशवी, अंगात जुना कोट. धाकटा विचारतो, "जेवलास का, दादा?" थोरला म्हणतो, "नाही. वाढ." त्यानंतर चांगली दोन पानं दोघांची भाषणं, माफी, रडणं आणि पडदा.

थोरल्याची भूमिका बापूगुरुजी करत. म्हणजे, करणार असत. कारण इतक्या वर्षांत थोरला एकदाही रंगमंचावर आलेला नव्हता.

ह्याला कारण खुद्द बापूगुरुजी. गणेशोत्सव गल्लीतल्या एका वेदपाठशाळेच्या लांबुडक्या दालनात व्हायचा. एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला लाकडी चौक्या जोडून केलेलं स्टेज, मधे प्रेक्षक. गणपतीचे पूजकही गुरुजीच. रात्रीची आरती नऊला, म्हणजे नऊला. "देवाला वेळ दिलेली आहे," एवढंच ते म्हणत. इकडे नाटक कधी वेळेवर सुरू होत नसे. आधी स्वागत, मग पाहुण्यांचा सत्कार, मग सत्काराला उत्तर. पहिल्या अंकात मोलकरणीचं काम करणाऱ्या बाई बनारसी शिव्यांची इतकी सुंदर भर घालत, की लोक त्यांना पुन्हा पुन्हा बोलायला लावत. त्यावर गुरुजींनी नटांना घालून दिलेले विराम, एकेक असा की तेवढ्यात पान लावून व्हावं. त्यामुळे धाकटा ताटासमोर बसला रे बसला की नऊ वाजत. गुरुजी विंगेतल्या स्टुलावर थोरल्याच्या कोटात तयार बसलेले असत, एका हाताशी पिशवी, दुसऱ्या हाताशी आरतीची घंटा. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघत, आणि घंटा उचलत.

घंटा वाजली की सगळं दालन उठून पाठमोरं होई. गणपतीकडे तोंड, टाळ्या, आरती, प्रसाद, घर. परत नाटकाकडे वळायला कोणी थांबत नसे. अशी वर्षं गेली. एक अख्खी पिढी मोठी झाली जिला पक्कं ठाऊक होतं की हे नाटक झाकलेल्या ताटाशी संपतं आणि पुढे आरती असते, तीही वझरकरांनीच लिहिलेली. ह्यातून तो शब्द जन्माला आला. पाठशाळेजवळचे एक गृहस्थ मुंबईला मुलीकडे गेले असताना तिथे हेच नाटक पाहून आले, आणि तालमीत येऊन, थोरल्याच्या कोटातल्या गुरुजींसमोर तक्रार करू लागले, "काय सांगू गुरुजी, अच्छा भला नाटक चाललेला. शेवटी कोण एक म्हातारा पिशवी घेऊन घुसला आणि सगळा सत्यानाश केला!" सगळ्यात जास्त गुरुजी हसले. हसता हसता त्यांनी कोटाची बाही खाली ओढली, ते मात्र मी पाहिलं.

कारण त्यांना ती एन्ट्री हवी होती. फार हवी होती. शेवटचा प्रवेश होणार नाही हे ठाऊक असूनही दरवर्षी त्याची तालीम व्हायची, आणि तीही सगळ्यात कसून. "नाही. वाढ." ह्या दोन शब्दांवर त्यांनी जितका विचार केला होता तितका वझरकरांनी लिहिताना केला असेल असं मला वाटत नाही. कधी ते हुकूम सोडल्यासारखं म्हणत, कधी भीक मागितल्यासारखं. एकदा तर 'वाढ' इतकं जोरात म्हणाले की स्वयंपाकघरातून पाठशाळेचा आचारी पळी घेऊन बाहेर आला. नाटकाच्या दिवशी दुपारनंतर ते काही खात नसत. "भरल्या पोटी 'वाढ' म्हटलं तर लोकांना कळतं," म्हणायचे. ताटात खरं जेवण असे. त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, घरून वरण-भात, पालकाची भाजी, कोशिंबीर करून आणत. नाटक संपल्यावर, म्हणजे आरती आणि प्रसादानंतर, गुरुजी घरी जाऊन तेच गार ताट जेवत.

"थोरल्याच्या चपला नव्या दिसायला नकोत म्हणून श्रावणभर त्या घालून घाटावर फिरतात," मालतीकाकूंनी मला एकदा सांगितलं. "मी दरवर्षी समोर बसते, पहिल्या ओळीत. म्हणते, या वर्षी येतील. तुम्ही हसू नका हो भाऊजी. एकदा तरी त्यांना तिथून येताना बघायचंय मला."

मी हसलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी तालमीला जाऊन मी गुरुजींना सुचवलं की पहिल्या अंकातली मोलकरीण थोडी कापा, म्हणजे वेळेत बसेल. त्यांनी मला समोर बसवलं. "पुणेकर, यजमानाची गाडी आहे म्हणून तेरावा नवव्या दिवशी करतात काय?"

"मग आरती जरा उशिरा करू. लोक थांबतील."

"लोक थांबतील. आणि गणपतीनं काय करायचं तोवर? घड्याळ बघत बसायचं?" मग बराच वेळ पान जुळवत राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा एन्ट्री घ्यायची आहे हो. मरायच्या आधी एकदा. पण चोरून नाही घ्यायची. वेळ आपली झाली पाहिजे."

मी प्रॉम्प्टर झालो त्याच्या तिसऱ्या वर्षी, उत्सवाच्या तोंडावर, बँकेत पुण्याहून फोन आला. गुरुजींकडे फोन नव्हता. त्यांचे निरोप माझ्या टेबलावर यायचे. पलीकडून एक खोल, थकलेला आवाज म्हणाला, "मुळ्ये उपाध्यायांना सांगाल का, आमच्या घराण्याचे ते उपाध्याय आहेत. अस्थी घेऊन येतोय. नाव न. वि. वझरकर."

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. फोनवरच्या माणसासाठी उभं राहणारा मी त्या शाखेतला पहिलाच असेन.

मी रामघाटावर धावत गेलो. गुरुजींनी ऐकलं, हातातल्या दर्भाच्या काड्या एकसारख्या केल्या, आणि म्हणाले, "हो. वझरकर आमच्याकडेच. आजोबांच्या वेळचे यजमान."

"तुम्हाला ठाऊक होतं? इतकी वर्षं?"

"असणारच ना. पण यजमान घाटावर आल्याशिवाय त्याला बोलवायचं नसतं. तो येतो तेव्हा घरात कोणी गेलेलं असतं." एवढं बोलून त्यांनी दर्भ बाजूला ठेवला. मग मात्र त्यांच्यातला दिग्दर्शक उसळलाच. "कधी येणार म्हणाले? चतुर्थीनंतर? मतलब, नाटकाच्या दिवशी इथे असतील?"

असणार होते. त्या दोन आठवड्यांत गुरुजींनी जे केलं ते कोणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. स्वागत रद्द. सत्कार रद्द. नाटक दिवसाउजेडी सुरू करायचं. मोलकरणीच्या बाईंना सांगितलं, एक शिवी एकदाच. विरामांना मात्र हात लावला नाही. हिशेब केला तर शेवटचा प्रवेश पुरा होऊन आरतीला अवकाश उरत होता. मालतीकाकूंनी नवी साडी काढली.

वझरकरांना स्टेशनवरून आणायला मी गेलो. उंच, वाकलेले, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ. हातात तांब्याचा कलश, कापडात बांधलेला. रिक्षा गोदौलियाच्या पुढे जाईना म्हणून आम्ही चालत निघालो. वाटेत मी पानाच्या दुकानाशी सुट्टे करायला थांबलो. पानवाला अस्सल बनारसी, मराठीचा गंध नाही, पण आमच्या गल्लीत जन्म गेलेला. पंख्याकडे बघत तो वैतागून म्हणाला, "का बताईं भइया, सबेरे से बिजली एकदम वझरकरी है. आवत है, जात है."

वझरकर थांबले. "काय म्हणाला तो?"

मी म्हटलं, "काही नाही. लाइट गेलीय." दुसरं काय सांगणार? माणूस कोणाच्या तरी अस्थी हातात घेऊन उभा, आणि त्याच्या नावाचा पंखा बंद पडलेला.

भाद्रपदातली गंगा वरपर्यंत चढलेली होती. रामघाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात, देवळ्यांचे नुसते कळस दिसत. सगळ्यात वरच्या पायरीवर गुरुजींनी पाट मांडला होता. इतक्या वर्षांची पूजा, इतक्या वर्षांचा शब्द, आणि समोर साक्षात तो माणूस. मला वाटलं, आता गुरुजींचा बांध फुटणार. पण ते फक्त म्हणाले, "बसावं. जानवं उजव्या खांद्यावर घ्या. गेलेल्यांचं नाव?"

"गोविंद."

"नातं?"

"थोरला भाऊ."

गुरुजींचा हात पळीवर थांबला. मग पुन्हा चालू लागला. विधी सगळा नीट झाला, एकही मंत्र अर्धा नाही. कलश रिकामा झाल्यावर वझरकर पाण्याकडे बघत आपणहून बोलू लागले. "मी शाळेत होतो तेव्हा गेला घरातून. पत्र नाही, काही नाही. महिन्यापूर्वी इटारसीहून कळलं. तिथे एका धर्मशाळेत होता म्हणे, बरीच वर्षं. शेवटच्या दिवसांत कोणाला तरी आमचा पत्ता सांगितला. मी पोचेपर्यंत हे एवढंच." त्यांनी रिकामा कलश उलटा करून पाहिला. "नाटकात आणला होता मी त्याला. लोक म्हणाले, शेवट गोड झाला."

गुरुजींनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. "आज आमच्याकडे आपलं नाटक आहे," ते म्हणाले. "तेच. आलंच पाहिजे असं नाही."

वझरकरांनी रिकामा कलश पुन्हा कापडात बांधला. मग म्हणाले, "येतो."

संध्याकाळी ते पहिल्या ओळीत, मालतीकाकूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. नाटक घोटीव झालं, इतकं की मला प्रॉम्प्टिंगचं कामच पडलं नाही. गुरुजी विंगेत माझ्या शेजारी स्टुलावर. कोट, पिशवी, श्रावणभर झिजवलेल्या चपला. दुपारपासून उपाशी. पडद्याला एक भोक होतं, त्याला डोळा लावून ते पुन्हा पुन्हा बाहेर बघत होते. शेवटून दुसरा प्रवेश सुरू झाला. धाकट्यानं ताट वाढलं, झाकलं आणि समोर बसला. घड्याळात वेळ होती, भरपूर. मी शेवटच्या प्रवेशाचं पान उघडून धरलं.

गुरुजी उठले. पिशवी खांद्यावर घेतली. विंगेच्या कडेपर्यंत गेले, आणि तिथून त्यांना पहिली ओळ सरळ दिसली. मलाही दिसली. वझरकर ताटाकडे बघत नव्हते. ते विंगेकडे बघत होते. थोरला जिथून येतो तिथे. खुर्चीच्या दोन्ही कडा त्यांनी हातांनी घट्ट धरल्या होत्या, आणि मान अगदी थोडी, नको नको म्हटल्यासारखी हलत होती.

गुरुजी तिथे किती वेळ उभे होते मला सांगता येणार नाही. त्यांच्या सगळ्या विरामांत तो मोठा होता. मग ते दोन पावलं मागे आले, पिशवी खाली ठेवली, आणि घंटा उचलून वाजवली.

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजलेले नव्हते. नऊच्या जवळपासही नव्हते. देवाला दिलेली वेळ ह्या माणसानं जन्मात पहिल्यांदा मोडली, आणि ती स्वतःच्या एन्ट्रीच्या आधी मोडली.

प्रेक्षक सवयीनं उठले आणि पाठमोरे झाले. धाकट्याचं काम करणारा बिचारा गोंधळला. त्याला पढवलं वेगळंच होतं. पण घंटा ती घंटा. तोही खाली उतरून आरतीला गेला. पाठशाळेतल्या कोणीतरी आरती धरली. गुरुजी स्टुलावर बसून राहिले, कोट अंगातच.

तेवढ्यात वझरकर चौक्यांवर चढून आले. रिकाम्या स्टेजवरून चालत विंगेशी आले आणि गुरुजींसमोर उभे राहिले. कोट पाहिला, पिशवी पाहिली, चपला पाहिल्या. मला वाटलं, आभार मानतील, किंवा शेवट का कापला म्हणून विचारतील. ते म्हणाले, "जेवलास का, दादा?"

इतक्या वर्षांच्या तालमीतला एकही सूर गुरुजींनी लावला नाही. आम्ही घरात पाणी मागतो तसं ते म्हणाले, "नाही. वाढ."

वझरकरांनी त्यांना दंडाला धरून ताटापाशी आणलं, बसवलं, झाकण काढलं. आपण धाकट्याच्या जागी बसले. गुरुजी जेवू लागले. वझरकर भात संपत आला की वाढत, वरण घालत. पुढची दोन पानांची भाषणं माझ्या हातात उघडी होती. त्यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही. दालनात आरती चालू होती, टाळ्या वाजत होत्या, आणि सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. फक्त एक चेहरा स्टेजकडे होता. मालतीकाकू नव्या साडीत, उलट्या वळून उभ्या होत्या. हात आरतीच्या ठेक्यात, आणि नजर नवऱ्यावर.

आरती लवकर का झाली ह्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीत बरीच चर्चा झाली. गुरुजींनी सगळ्यांना एकच सांगितलं, "घड्याळ मागे होतं." लोकांना पटलं. गुरुजी वेळ चुकवतील, ह्यापेक्षा घड्याळ मागे पडणं त्यांना शक्य कोटीतलं वाटलं.

वझरकरांना मी गाडीवर पोचवलं. सामान ठेवून झाल्यावर ते खिडकीतून म्हणाले, "त्या पानवाल्यानं माझं नाव घेतलं होतं. त्याचा अर्थ काय?" मग मात्र मी सगळं सांगितलं. पुलावरची गाडी, मोडलेली सोयरीक, शिंक. ते ऐकत राहिले, आणि शिंकेला चक्क हसले. "चांगला अर्थ आहे," ते म्हणाले. "पुण्यात सांगू नका. प्राध्यापक वापरायला लागतील."

पुढच्या माघात माझ्या बदलीचा हुकूम आला. निघायच्या दिवशी, सामान स्टेशनवर पाठवून, एक पिशवी खांद्याला लावून मी गुरुजींचा निरोप घ्यायला घाटावर गेलो. गंगा आता पार खाली उतरली होती. गुरुजी तळाच्या पायरीवर, समोर कोल्हापूरकडचं एक कुटुंब, पिंडदान अर्ध्यावर आलेलं. मंत्र मधे सोडणं शक्यच नव्हतं. त्यांनी वर पाहिलं. मला पाहिलं, पिशवी पाहिली. तोंडानं मंत्र चालूच. उजव्या हातात दर्भ होता, म्हणून डावा हात त्यांनी तोंडापाशी नेला आणि भुवया उंचावल्या. जेवलात का?

मी मान हलवली. नाही.

डाव्याच हातानं त्यांनी वर, घराकडे बोट दाखवलं, आणि पुन्हा यजमानाकडे वळले. "समोर बघा. हात स्थिर. घाई नको," एवढं मला पायऱ्या चढताना ऐकू आलं.

वर मालतीकाकूंनी पाट मांडून ठेवला होता आणि ताटावर झाकण. "सकाळीच सांगून गेलेत," त्या म्हणाल्या, "पुणेकर येतील, ताट झाकून ठेव."

मी पोटभर जेवलो. हात धुऊन गाडीची वेळ पाहिली. काकू दारात उभ्या राहून खाली गल्लीत बघत होत्या. "थोडं थांबा ना भाऊजी. विधी संपतच आला असेल. येतीलच ते आता."

"राहू दे, काकू," मी म्हटलं.

त्या माझ्याकडे वळल्या आणि एकदम हसल्या. "वझरकरी निघालात म्हणा की."

"हो," मी म्हटलं, आणि पिशवी खांद्यावर घेतली.